यूसीएलएच्या प्रशिक्षकाला त्याच्या पूर्वसुरींच्या पंगतीत कसे तोलावे?

लॉस एंजेलिसमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका मराठी विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्याच्या विद्यापीठाच्या, म्हणजे यूसीएलएच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, लॉस एंजेलिस), पुरुष बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक मिक क्रोनिन २०१९ मध्ये नेमले गेले. पॉली पॅव्हिलियनमध्ये, म्हणजे संघाच्या घरच्या क्रीडागृहात, या विद्यार्थ्याच्या आजूबाजूला बसणारे जुने पाठीराखे प्रत्येक पराभवानंतर आधीच्या प्रशिक्षकांची नावे काढतात. कोणी जॉन वुडन यांच्या दहा विजेतेपदांचा दाखला देतो, कोणी १९९५ च्या जिम हॅरिक यांचा, तर कोणी बेन हॉलंड यांच्या लागोपाठ तीन फायनल फोरचा, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत पोहोचण्याचा. अशी तुलना करायचीच झाली तर ती कोणत्या मापाने करावी, आणि २०१३ मध्ये हॉलंड यांना काढले ते योग्य होते का, असे त्याने विचारले आहे.

मी अठ्ठावीस वर्षे बास्केटबॉल शिकवतो आहे. सुरुवातीची वर्षे महाराष्ट्रात शाळा-महाविद्यालयांच्या संघांबरोबर गेली आणि नंतरची कॅलिफोर्नियात एका शाळेच्या संघाचा सहायक प्रशिक्षक म्हणून. तिथे सामन्याचा ताळेबंद वहीत उतरवण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे होते, आणि त्या वहीने मला डोळ्यांनी पाहिलेल्या खेळावर थोडे कमी विसंबायला शिकवले. माझे मत आधीच सांगतो. पाठीराखे दोन कारकिर्दींची तुलना करतो आहोत असे समजतात, पण प्रत्यक्षात ते आजच्या प्रशिक्षकाच्या चालू आठवड्याची तुलना पूर्वसुरीच्या सर्वोत्तम वर्षांशी करत असतात. पूर्वसुरीची पडती वर्षे, त्याने गाळात घालवलेले हंगाम, एका गुणाने निसटलेले किंवा एका गुणाने वाचलेले सामने आठवणीतून गळून पडलेले असतात. ते पुन्हा हिशेबात घेतले की चित्र बरेच बदलते.

याचा सर्वांत बोलका दाखला यूसीएलएमध्येच आहे. वुडन १९७५ मध्ये निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी जीन बार्टो आले. बार्टो नवखे नव्हते. १९७३ मध्ये त्यांनी मेम्फिस स्टेटला राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले होते आणि तिथे त्यांना वुडन यांच्याच संघाने हरवले होते. बिल वॉल्टनने २२ पैकी २१ फेकी बास्केटमध्ये घातल्या तो हा सामना. यूसीएलएत बार्टो दोनच हंगाम राहिले आणि त्या दोन हंगामांत त्यांनी ५२ सामने जिंकले व ९ हरले, म्हणजे शंभरात पंच्याऐंशी विजय. वुडन यांची यूसीएलएतील २७ वर्षांची बेरीज ६२० विजय आणि १४७ पराभव अशी आहे, म्हणजे शंभरात जवळपास एक्याऐंशी. नुसती टक्केवारी पाहिली तर बार्टो सरस ठरतात.

तरीही ते टिकले नाहीत. त्यांचा पहिलाच सामना बॉब नाइट यांच्या इंडियाना संघाशी पडला आणि तो यूसीएलएने ८४-६४ असा गमावला. वुडन यांच्या संघाने असा मार खाल्लेला ज्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, त्यांच्या मनात नव्या प्रशिक्षकाची ओळख त्या एका संध्याकाळी ठरून गेली. फेब्रुवारी १९७६ मध्ये ओरेगनने पॉली पॅव्हिलियनमध्ये येऊन यूसीएलएला हरवले आणि घरच्या मैदानावरची लागोपाठ ९८ विजयांची मालिका संपली. मार्चमध्ये बार्टो यांनी संघ फायनल फोरमध्ये नेला, पण तिथे पुन्हा इंडियानाच समोर आली आणि ६५-५१ असा पराभव झाला. तो इंडियाना संघ त्या वर्षी ३२ पैकी ३२ सामने जिंकला. त्यानंतर पुरुषांच्या एकाही विजेत्या संघाला संपूर्ण हंगाम अपराजित राहता आलेले नाही. म्हणजे बार्टो यांच्या नऊ पराभवांपैकी दोन या खेळाच्या इतिहासातल्या सर्वांत बलाढ्य संघांपैकी एकाकडून झाले होते. पाठीराख्यांच्या हिशेबात ही सूट कुठेच दिली गेली नाही. दुसऱ्या वर्षी आयडाहो स्टेटसारख्या संघाने त्यांना ७६-७५ असे एका गुणाने बाहेर काढले आणि बार्टो स्वतःहून बर्मिंगहॅमला निघून गेले. अलाबामा विद्यापीठाच्या तिथल्या शाखेचा तोवर संघच नव्हता. तो त्यांनी शून्यातून उभा केला, १९८२ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या आठांत नेला, आणि तिथल्या क्रीडागृहाला आज त्यांचेच नाव आहे.

त्यांच्यानंतर आलेले गॅरी कनिंगहॅम हे वुडन यांचे माजी खेळाडू आणि सहायक. त्यांनीही दोन वर्षांत ५० विजय आणि ८ पराभव अशी कामगिरी केली, जी बार्टो यांच्याहूनही किंचित चढी आहे, आणि तेही आपण होऊन निघून गेले. वुडन यांच्यापेक्षा वरची टक्केवारी असलेली दोन माणसे चार वर्षांत त्या खुर्चीवरून उठून जातात, याचा अर्थ टक्केवारी हे तिथले माप नव्हतेच. माप एकच होते, राष्ट्रीय विजेतेपद, आणि ते खुद्द वुडन यांनाही चुकले नव्हते. १९७४ मध्ये त्यांचा संघ उपांत्य सामन्यात हरला होता आणि १९७५ मध्ये पुन्हा जिंकला. त्या दहाव्या विजेतेपदानंतर एक पाठीराखा आपल्याजवळ आला आणि गेल्या वर्षी केलेली निराशा यंदा भरून काढलीत, अशा अर्थाचे काही बोलला, ही आठवण वुडन पुढे अनेकदा सांगत असत.

आता वुडन यांच्याच पहिल्या पंधरा वर्षांकडे या, कारण आजचा प्रत्येक पाठीराखा तिथे पोहोचण्याआधीच थांबतो. वुडन १९४८ मध्ये इंडियाना स्टेटहून लॉस एंजेलिसला आले. त्यांच्या आधीच्या विल्बर जॉन्स यांच्या नऊ हंगामांची बेरीज ९३ विजय आणि १२० पराभव अशी होती, त्यामुळे सुरुवातीला वुडन यांची तुलना ज्यांच्याशी झाली ते माप ठेंगणे होते, आणि माझ्या मते त्यांच्या यशाला मिळालेले हे पहिले मोठे भाग्य होय. दुसरे भाग्य म्हणजे सवड. १९५०, १९५२ आणि १९५६ मध्ये ते राष्ट्रीय स्पर्धेत गेले, पण तिन्ही वेळा पहिल्याच सामन्यात हरले. बारावा हंगाम, १९५९-६०, १४ विजय आणि १२ पराभव असा संपला. फायनल फोर प्रथम १९६२ मध्ये, चौदाव्या वर्षी. तिथे सिनसिनाटीकडून ७२-७० असा पराभव. पहिले विजेतेपद १९६४ मध्ये, म्हणजे सोळाव्या हंगामात. त्या संघाच्या सुरुवातीच्या पाचांत साडेसहा फूट उंचीचाही कोणी नव्हता, आणि तो ३० पैकी ३० सामने जिंकला ते झोन प्रेसच्या जोरावर, म्हणजे प्रत्येकाने आपापली जागा सांभाळत पूर्ण मैदानभर प्रतिस्पर्ध्यावर टाकलेल्या दबावाच्या जोरावर. तो प्रेस पुन्हा वापरून पाहावा असा आग्रह धरणारे जेरी नॉर्मन हे त्यांचे सहायक होते. बाराव्या वर्षी १४-१२ वर आलेल्या प्रशिक्षकाला आज सोळावे वर्ष दिसले असते का, हा प्रश्न मी प्रत्येक जुन्या पाठीराख्याला विचारतो आणि बहुतेक जण प्रामाणिकपणे नाही म्हणतात.

म्हणून पहिला नियम असा की कारकिर्दीचे समान वर्ष समोरासमोर ठेवावे. क्रोनिन यांचे पाचवे वर्ष वुडन यांच्या पाचव्या वर्षाशी, हॉलंड यांच्या पाचव्याशी आणि हॅरिक यांच्या पाचव्याशी ताडून पाहावे. विसाव्या वर्षाशी कधीही नाही. याला जोडूनच मी पहिले वर्ष जवळजवळ सोडून देतो, कारण त्या वर्षीचे खेळाडू पूर्वसुरीने निवडलेले असतात. मी स्वतः एका शाळेत असा संघ हाती घेतला होता, जो माझ्या आधीच्या प्रशिक्षकाने नऊ वर्षे घडवला होता आणि ज्यातली चार मुले शेवटच्या वर्षात होती. आम्ही पहिल्या वर्षी भरपूर जिंकलो आणि पालकांनी माझे कौतुक केले. दुसऱ्या वर्षी ती चार मुले गेली, आम्ही निम्म्याहून अधिक सामने हरलो आणि तेच पालक ‘सरांच्या वेळी असे नव्हते’ असे माझ्यासमोर बोलू लागले. मला विचाराल तर माझे दुसऱ्या वर्षीचे काम पहिल्यापेक्षा कितीतरी चांगले होते. ते बोलणे मला फार लागले होते, हे मी लपवणार नाही, आणि या विषयावर मी इतक्या पोटतिडकीने लिहितो त्याचे एक कारण तेही आहे.

दुसरी गोष्ट स्पर्धेच्या स्वरूपाची, आणि इथे थोडे गणित करावेच लागेल. वुडन यांच्या बहुतेक विजेतेपदांच्या काळात राष्ट्रीय स्पर्धेत २२ ते २५ संघ असत, एका कॉन्फरन्समधून, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटातून, एकच संघ जाई, आणि यूसीएलएला विजेतेपदासाठी चार सामने जिंकावे लागत. १९७५ मध्ये संघ ३२ झाले आणि सामने पाच. १९८५ मध्ये संघ ६४ झाले आणि सामने सहा. एखादा संघ प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता शंभरात ऐंशी आहे असे धरा. असा संघ चार सामने लागोपाठ जिंकण्याची शक्यता शंभरात ४१ येते आणि सहा सामने जिंकण्याची शंभरात फक्त २६. संघ तोच, प्रशिक्षक तोच, आणि तरीही विजेतेपदाची आशा जवळपास दोन-तृतीयांशावर येते. याशिवाय तेव्हा पश्चिमेचे संघ पश्चिम विभागातच खेळत, आणि १९६८ व १९७२ चे फायनल फोर तर लॉस एंजेलिसमध्येच झाले. १९७१ मध्ये शेजारच्या यूएससीचा, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा, संघ २४ सामने जिंकला आणि फक्त दोन हरला, तेही दोन्ही यूसीएलएकडून. तरी एका कॉन्फरन्समधून एकच संघ या नियमामुळे देशातल्या सर्वोत्तम संघांपैकी एक असा तो संघ राष्ट्रीय स्पर्धेबाहेर राहिला. वुडन यांच्या वाटेतला तगडा प्रतिस्पर्धी परस्पर घरी बसला. याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी वुडन यांच्यावर अन्याय करीन: त्या नियमामुळे आपली कॉन्फरन्स एकदा हुकली की पूर्ण वर्ष वाया जाई, आजच्यासारखी मागच्या दाराने प्रवेशाची सोय नव्हती. राष्ट्रीय स्पर्धेत लागोपाठ ३८ सामने जिंकणे हा पराक्रम मी कोणत्याही गणिताने लहान करू पाहत नाही.

बाद पद्धतीच्या स्पर्धेत एखाद्या फेकीवर माणसाची कीर्ती किती अवलंबून असते, हे यूसीएलएच्या इतिहासाइतके स्वच्छ मी दुसरीकडे पाहिलेले नाही. १९७५ च्या उपांत्य सामन्यात जादा वेळेतली शेवटची २० सेकंदे उरली असताना लुइव्हिल एका गुणाने पुढे होते आणि फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या बिनअडथळा फेकीच्या, रेषेवर टेरी हॉवर्ड उभा होता. त्या हंगामात त्याने २८ पैकी २८ फ्री थ्रो घातले होते. हा एक हुकला, रिचर्ड वॉशिंग्टनने शेवटच्या क्षणी बास्केट केली, यूसीएलए ७५-७४ असे जिंकले. त्या सामन्यानंतर वुडन यांनी निवृत्ती जाहीर केली आणि दोन दिवसांनी केंटकीला ९२-८५ असे हरवून दहावे विजेतेपद मिळवले. हॉवर्डचा तो फ्री थ्रो आत गेला असता तर वुडन बहुधा नऊ विजेतेपदांवर थांबले असते, आणि त्यांच्या प्रशिक्षणाची गुणवत्ता तसूभरही कमी झाली नसती. लुइव्हिलचे प्रशिक्षक डेनी क्रम हे वुडन यांचेच शिष्य होते, हे जाता जाता.

हॅरिक यांचे १९९५ चे विजेतेपदही असेच. बॉइसी येथे दुसऱ्या फेरीत मिझुरी ७४-७३ असे पुढे होते आणि ४.८ सेकंद उरले होते. टायस एडनी, सहा फुटांहून बुटका पॉइंट गार्ड, आपल्या बास्केटखालून चेंडू घेऊन निघाला, मध्यरेषेजवळ त्याने पाठीमागून हात बदलला आणि पलीकडे उंच बचावपटूंच्या हातांवरून लेअप, म्हणजे बास्केटजवळून हलकी फेक, टाकला. चेंडू काचेवरून आत गेला. त्या ४.८ सेकंदांमुळे हॅरिक हे वुडन यांच्यानंतर यूसीएलएला विजेतेपद मिळवून देणारे पहिले प्रशिक्षक ठरू शकले. पुढच्याच वर्षी, गतविजेते म्हणून गेलेला त्यांचा संघ पहिल्या फेरीत प्रिन्स्टनकडून ४३-४१ असा हरला. बचावपटूची पाठ वळताच बास्केटकडे धाव घेऊन केलेल्या एका साध्या लेअपने. बारा महिन्यांत हॅरिक यांना बास्केटबॉल येईनासे झाले होते असे कोणी म्हणणार नाही.

हॉलंड यांच्या बाबतीत मी २००६ च्या गोन्झागा सामन्याची चित्रफीत आजही मुलांना दाखवतो. साडेतीन मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला असताना गोन्झागा ७१-६२ असे पुढे होते. त्यानंतर गोन्झागाने एकही गुण केला नाही. शेवटच्या दहा-बारा सेकंदांतला प्रसंग थांबवून थांबवून पाहावा असा आहे: गोन्झागाच्या जे. पी. बतिस्ताच्या हातात चेंडू आहे, तो वळतो, आणि जॉर्डन फार्मार मागून येऊन चेंडू हिसकावून तोल जाता जाता बास्केटखाली फेकतो, जिथे लुक एम्बा आ मूटे एकटा उभा आहे. ७३-७१. बहुतेक लोकांना त्यात चमत्कार दिसतो. मला दिसते ते हे की त्या साडेतीन मिनिटांत यूसीएलएच्या पाचही जणांचे पाय प्रत्येक वेळी योग्य जागी आहेत, कोणीही घाईने फाउल करत नाही, आणि चेंडूवरचा खेळाडू फसला तर मदतीला यायचा माणूस आधीच निघालेला आहे. ही सवय सरावात घटवलेली असते. तिचे श्रेय प्रशिक्षकाला द्यावे; चेंडू नेमका फार्मारच्या हाती लागला याचे मात्र पूर्ण श्रेय देऊ नये.

याचा अर्थ स्पर्धेचे निकाल मोजूच नयेत असा नाही. एका वर्षाचा निकाल फार कमी सांगतो. चार-पाच वर्षांचे निकाल एकत्र केले की त्यांत तथ्य उतरते. स्टीव्ह लॅव्हिन यांनी १९९७ ते २००२ या सहा वर्षांत पाच वेळा संघ शेवटच्या सोळांत नेला, आणि तरी पाठीराखे त्यांच्यावर कधी खूश नव्हते. २००२-०३ चा हंगाम १०-१९ असा गेला, जो १९४८ नंतरचा यूसीएलएचा पहिला पराभवबहुल हंगाम होता, आणि त्यांना जावे लागले. तो निर्णय मला पटतो. पण त्या पाच वेळच्या सोळांची किंमत यूसीएलएच्या पाठीराख्यांना पुढच्या काळात कळली, जेव्हा हॉलंड यांच्या शेवटच्या पाच वर्षांत संघ एकदाही तिथवर पोहोचला नाही.

मग हंगामभराचे काम कशाने मोजावे? माझी वही चेंडूच्या ताब्यावर चालते. एका संघाकडे चेंडू आल्यापासून जाईपर्यंतचा काळ म्हणजे एक ताबा. ताब्यांची संख्या काढायला चार आकडे पुरतात: बास्केटवर केलेल्या फेकी, त्यातून वजा स्वतःच्या आक्रमणात मिळवलेले रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पुन्हा हाती घेतलेले चेंडू), अधिक गमावलेले चेंडू, अधिक फ्री थ्रोंची संख्या गुणिले ०.४७५. त्यावरून शंभर ताब्यांमागे किती गुण केले आणि किती दिले हे काढावे, आणि प्रतिस्पर्ध्यांच्या ताकदीचा विचार करून ते देशातल्या बाकीच्या संघांशी ताडावे. हॉलंड यांच्यावरचा सर्वांत मोठा आक्षेप असा की त्यांचा खेळ संथ आणि कंटाळवाणा होता, गुण कमी होत. आता पाहा: ६० ताब्यांत ६६ गुण करणारा संघ शंभरामागे ११० गुण करतो, तर ७२ ताब्यांत ७५ गुण करणारा संघ १०४ च करतो. गुणफलकावर दुसरा संघ आक्रमक दिसतो. प्रत्यक्षात पहिला संघ अधिक चांगले आक्रमण करतो आहे. गती ही प्रशिक्षकाची पसंती असते, ती गुणवत्ता नसते. प्रेक्षकाला वेगवान खेळ आवडतो ही त्याची रास्त आवड आहे, पण आवड आणि कामगिरी यांचे दोन वेगळे रकाने ठेवावेत.

तिसरी बाब खेळाडूंच्या मुक्कामाची, आणि सर्वांत अवघड तुलना इथेच आहे. वुडन यांच्या बहुतेक काळात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघात खेळता येत नसे. तो नियम १९७२ मध्ये बदलला. १९६५ मध्ये पॉली पॅव्हिलियन उघडताना पहिल्या वर्षाच्या मुलांचा संघ मुख्य संघाशी खेळला आणि ७५-६० असा जिंकला, तोही त्या मुख्य संघाने लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवलेली असताना, कारण त्या मुलांत लू अल्सिंडर होता, जो पुढे करीम अब्दुल-जब्बार म्हणून जगाला माहीत झाला. तो मुख्य संघात तीन वर्षे खेळला, ८८ सामने जिंकला आणि २ हरला. वॉल्टनही तीन वर्षे, ८६ विजय आणि ४ पराभव. वुडन यांना असा खेळाडू एक वर्ष घडवायला आणि तीन वर्षे वापरायला मिळे. हॉलंड यांना केव्हिन लव्ह एक वर्ष मिळाला, रसेल वेस्टब्रुक दोन वर्षे. तरी २००६, २००७ आणि २००८ या तीन हंगामांत मिळून त्यांनी ९७ सामने जिंकले आणि १७ हरले. ही तीन वर्षे माझ्या हिशेबात वुडन यांच्यानंतरच्या यूसीएलएमधली सर्वोत्तम सलग तीन वर्षे आहेत, १९९५ धरूनही.

क्रोनिन यांच्या वाट्याला आलेला काळ आणखी निराळा आहे. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावण्याची मुभा मिळाली, संघ बदलला तर एक वर्ष बाहेर बसण्याची सक्ती सैल झाली, आणि २०२५ पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली. २०२४ मध्ये यूसीएलए बिग टेन या कॉन्फरन्समध्ये गेले, त्यामुळे कॉन्फरन्सच्या सामन्यासाठी तीन टाइम झोन ओलांडून न्यू जर्सीपर्यंत जावे लागते. आज संघ दरवर्षी नव्याने मांडावा लागतो, वुडन यांच्यासारखा मुरवता येत नाही. त्यामुळे मी क्रोनिन यांना दोन वेगवेगळ्या गोष्टींवर तपासतो: दर उन्हाळ्यात त्यांनी कोणते खेळाडू टिकवले आणि आणले, आणि ऑक्टोबरात हाती असलेल्या खेळाडूंचे मार्चपर्यंत काय केले. दुसऱ्या गोष्टीत ते उत्तम आहेत. २०२१ मध्ये अकराव्या मानांकनाचा संघ प्राथमिक फेरीपासून सुरुवात करून फायनल फोरपर्यंत गेला आणि गोन्झागाच्या जेलन सग्सने अर्ध्या मैदानाजवळून टाकलेल्या फेकीने ९३-९० असा हरला. २०२३ मध्ये संघ ३१-६ होता, पण देशातल्या सर्वोत्तम बचावपटूंपैकी एक असलेला जेलन क्लार्क मार्चच्या तोंडावर जायबंदी झाला आणि पुन्हा गोन्झागाकडून ७९-७६ असा पराभव झाला. २०२० ची स्पर्धा तर कोविडमुळे झालीच नाही. पहिल्या गोष्टीत मात्र त्यांच्यावर ठपका येतो. हाइमे हाकेझ, टायगर कॅम्पबेल, क्लार्क, अमारी बेली हे सगळे एकाच उन्हाळ्यात जाऊ शकतात हे दिसत असताना त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत, आणि २०२३-२४ चा हंगाम १६-१७ असा गेला. हा दोष खरा आहे. तो दाखवायला वुडन यांचे नाव घ्यावे लागत नाही. त्याच उन्हाळ्यात इतर मोठ्या विद्यापीठांनी काय केले ते पाहिले तरी पुरते.

आता हॉलंड यांच्याविषयी. २०१३ मध्ये त्यांचा संघ कॉन्फरन्सचा विजेता होता आणि राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्याच सामन्यात हरला. काही दिवसांत त्यांना काढण्यात आले. एका सामन्याच्या किंवा संथ खेळाच्या कारणाने काढले असेल तर ते चूक होते. पण चार वर्षांत दोन वेळा संघ राष्ट्रीय स्पर्धेतच गेला नव्हता, खेळाडू एकामागून एक मध्येच संघ सोडून जात होते, आणि त्यांच्या संघाचा बचाव, जो त्यांची ओळख होती, २००८ च्या पातळीवर पुन्हा आला नाही. माझ्या वहीतून पाहता निर्णयाला आधार होता आणि तो या तीन कारणांनी द्यायला हवा होता. त्यांच्या जागी आलेले स्टीव्ह अल्फर्ड पहिल्या चार वर्षांत तीन वेळा शेवटच्या सोळांत गेले आणि २०१८ च्या शेवटच्या दिवशी, हंगाम चालू असतानाच, काढले गेले. म्हणजे प्रशिक्षक बदलला तेव्हा माप तेच राहिले होते.

तुम्हाला स्वतः हे पाहायचे असेल तर पुढच्या सामन्याला एक वही घेऊन जा आणि दोनच गोष्टी लिहा. यूसीएलएने टाइम-आउट घेतल्यानंतरच्या पहिल्या ताब्यात मोकळी फेक मिळाली की नाही, आणि बचावात चेंडू दुसऱ्या बाजूला गेल्यावर पाचही खेळाडू हलले की नाही. फेक आत गेली की बाहेर, हे लिहू नका. नोव्हेंबरातली पाने आणि फेब्रुवारीतली पाने शेजारी ठेवा. आणि शेजारचे आजोबा वुडन यांचा विषय काढतील तेव्हा त्यांना १९५९-६० चा हंगाम आठवतो का ते जरूर विचारा. त्यांतल्या काहींनी तो संघ स्वतः पाहिलेला असू शकतो, आणि त्या वर्षी वुडन यांच्याविषयी लोक काय बोलत होते हे मला त्यांच्याकडून ऐकायला फार आवडेल.